दुहेरी दोर

धक्का सोडताना सर्वांत शेवटी सुटणारा दोर मी दुहेरी लावला होता. त्याचे एक टोक नौकेवर पक्के बांधलेले, तिथून तो धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला वळसा घालून परत नौकेवर आलेला आणि दुसरे टोक माझ्या हातात. निघायच्या वेळी हातातले टोक सोडून द्यायचे आणि दुसऱ्या बाजूने दोर ओढून घ्यायचा. तो खुंट्याभोवतून सरसरत सुटतो आणि नौकेवर येतो. धक्क्यावर कोणाचीही गरज लागत नाही. माणसे कमी असली की अशीच पद्धत असते आणि आम्ही चाराचे तीन झालो होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी मी तो काळजीने तसा लावला. खुंट्यात अडकू नये म्हणून त्याच्या टोकाची गाठसुद्धा सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी 2 वाजता ओहोटीचे पाणी वाहू लागले, इंजिन सुरू झाले आणि आमचा चौथा मित्र, जो आमच्याबरोबर येणार नव्हता, धक्क्याच्या कडेशी आला, थोडा वाकला आणि त्याने त्या दोराच्या दिशेने हात पुढे केला. मी म्हणालो, ‘‘राहू दे, तो इथूनच सुटतो.’’ हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावरची धूळ झटकल्यासारखे केले, पण हाताला धूळ नव्हती. मी टोक सोडले, दोर पाण्याला स्पर्श करून वर आला आणि आमच्यात हातभर, मग पुरुषभर, मग ओलांडता न येण्याइतके पाणी दिसू लागले.

पुढचे 16 तास मी त्या हाताकडे पाहत होतो.

या सफरीची कल्पना मुळात त्याची होती. 11 वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याने जमिनीवर एक मोठा सागरी नकाशा पसरला आणि आम्ही तिघे त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसलो. तोवर मी जमिनीचेच नकाशे पाहिले होते. समुद्राचा नकाशा म्हणजे मोठी कोरी निळी जागा असणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जमीनच तिथे कोरी होती आणि पाणी आकड्यांनी भरलेले होते. इथे 7 मीटर, तिथे 12, इथे तळाला चिखल, तिथे खडक. तो बोट फिरवत होता आणि आम्ही त्या बोटामागे जात होतो. दूरच्या बेटांबद्दल तो फार बोललाच नाही, बोलला तो पहिल्या टप्प्याबद्दल. पहिला टप्पा लहान ठेवायचा, असा त्याचा आग्रह होता आणि त्यासाठी तो जोशुआ स्लोकम यांचे उदाहरण देत असे. पृथ्वीभोवती एकट्याने शिडाच्या नौकेतून जाणारे ते पहिले खलाशी. 24 एप्रिल 1895 रोजी दुपारी त्यांनी बॉस्टनमध्ये नांगर उचलला आणि त्याच दिवशी ते जवळच्याच ग्लॉस्टर बंदरात शिरून थांबले. अटलांटिक महासागर ओलांडायला ते खऱ्या अर्थाने निघाले ते जुलैमध्ये, आणि परतले 27 जून 1898 रोजी. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या सफरीची सुरुवात एका दुपारच्या अंतराने झाली, ही गोष्ट आमच्या मित्राला विलक्षण प्रिय होती. ती त्याने मला निदान वीस वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत तोच आनंद असे.

गाठी त्याने शिकवल्या. खुर्चीच्या पायाला बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, बांधून घेत असे, मग डोळे मिटून, मग पाठीमागे हात नेऊन. कारण ज्या वेळी ती गाठ खरी लागते त्या वेळी दिसत नसते, असे तो म्हणे. दोराचे वेटोळे उजवीकडे वळवत करायचे, म्हणजे दोराचा पीळ बिघडत नाही, हेही त्याचेच. आम्ही चौघांनी मिळून 34 फुटांची एक जुनी नौका घेतली आणि पुढची काही वर्षे सुट्टीचे दिवस तिच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडण्यात गेले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. काम सावकाश होत गेले, कधी पैसे नव्हते, कधी वेळ नव्हता, कधी कोणाच्या घरी आजारपण होते. पण दर वर्षी एकदा तो नकाशा जमिनीवर पसरला जाई आणि त्याच्या घड्या झिजून आता तिथले काही आकडे वाचता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानाच्या आतल्या भागात विकार सुरू झाला. पूर्वसूचना न देता चक्कर येते, जमीन कलल्यासारखी वाटते, डाव्या कानाने ऐकू कमी येते, आणि हे सगळे कधी पंधरा मिनिटांत संपते तर कधी काही तास राहते. रात्रीच्या अंधारात, हलत्या नौकेवर, एकट्याने पहारा करणे त्याच्यासाठी धोक्याचे आहे आणि इतरांसाठीही, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच त्याला कळले होते. त्याने आम्हाला ते नौकेवरच सांगितले, हातातल्या दोराचे वेटोळे पूर्ण करता करता, नजर वर न करता. मग त्याने वही मागून घेतली आणि पहाऱ्याचा तक्ता चारऐवजी तिघांसाठी स्वतःच नव्याने आखला. जुन्या जहाजांवर दिवसाचे चार-चार तासांचे पाच पहारे असत आणि संध्याकाळचे दोन-दोन तासांचे दोन. अशा सात पहाऱ्यांमुळे संख्या विषम होई आणि रोज तीच माणसे मध्यरात्री उभी राहत नसत. तशी न्याय्य वाटणी आपल्या तिघांत कशी करता येईल, याचा त्याने तासभर विचार केला. शेवटी तीन तास पहारा आणि सहा तास विश्रांती असा साधा तक्ता झाला. त्याच्या नावाचा रकाना त्यात नव्हता आणि कागदावर तशी मोकळी जागाही त्याने ठेवली नव्हती.

त्या दिवशी मला दुःख झाले, हे खरे आहे. पण त्या दुःखाच्या तळाशी एक सुटकेची भावनाही होती आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तो नौकेवर असता तर मी कायम शिकणाराच राहिलो असतो. त्याच्या नजरेखाली माझी प्रत्येक गाठ तपासली गेली असती. तो नसल्यामुळे मी पहिल्यांदाच या समुद्राला स्वतःच्या जबाबदारीवर सामोरा जाणार होतो, आणि मला ते हवे होते.

बंदराच्या तोंडाशी पाणी बदलले. आतले गुळगुळीत, तेलाच्या वासाचे पाणी संपून लांब, सावकाश श्वास घेतल्यासारख्या लाटा आल्या आणि नौका पहिल्यांदा वाकली. नौका वाऱ्याच्या तोंडावर धरून आम्ही मोठे शीड वर चढवले. ते फडफडत होते, इतक्या जोरात की एकमेकांचे शब्द ऐकू येत नव्हते. आणि अर्ध्या उंचीवर एक दोर डोलकाठीच्या बाजूच्या तारेत अडकला. मी केबिनच्या छतावर चढलो, एका हाताने डोलकाठीला मिठी मारली आणि दुसरा हात शक्य तितका उंच करून तो दोर सोडवू लागलो. दोन-तीनदा हात लांबवावा लागला. मग दोर सुटला, शीड वर गेले, सुकाणूवरच्या मित्राने नौका हळूहळू वाऱ्यापासून वळवली आणि कापडाचा तो सगळा आरडाओरडा एकदम थांबला. शीड भरले. इंजिन बंद केले तेव्हा जो आवाज उरला तो पाणी कापल्याचा होता, रेशमी कापड फाडावे तसा अखंड. आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. 11 वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, असे मला स्पष्टपणे जाणवले आणि त्याच वेळी हेही जाणवले की ज्याने तो आम्हाला दाखवला होता त्याच्याकडे मी वळून पाहिलेले नाही. वळलो तेव्हा धक्का म्हणजे एक राखाडी रेघ झाली होती आणि तिच्यावरचे काळे ठिपके माणसांचे की खुंट्यांचे हे सांगता येत नव्हते.

समुद्रावर डोळ्यांची उंची फार मोलाची असते. नौकेत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण 2 मीटरवर असतात आणि तिथून क्षितिज जेमतेम 3 सागरी मैलांवर असते. एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर; म्हणजे आपण किती का लांब जाईना, पाण्याची जी तबकडी आपल्याला दिसते ती मध्यापासून साडेपाच किलोमीटरपेक्षा मोठी कधीच नसते, आणि तिच्या मध्यभागी नेहमी आपणच असतो. हा हिशेबही त्यानेच शिकवलेला. त्याने आमच्या नौकेसाठी तो करूनही ठेवला होता: डोलकाठीचे टोक पाण्यापासून 14 मीटर उंच, धक्क्यावर उभ्या माणसाचे डोळे साधारण 5 मीटर, म्हणजे हवा स्वच्छ असेल तर ते टोक धक्क्यावरून सुमारे 12 सागरी मैलांपर्यंत पाण्याच्या फुगवट्याआड जात नाही. आधी नौकेचे अंग बुडते, मग शीड खालून वर बुडत जाते. आम्हाला जमीन दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ त्याला आमचे शीड दिसत असणार, हे माझ्या लक्षात आले तेव्हा तीन वाजून गेले होते. डोलकाठीच्या टोकाशी कोणी बसला असता तर त्यालाही तो दिसला असता; नजरेची रेषा दोन्हीकडून एकच असते. पण आम्ही सगळे खाली होतो.

चारच्या सुमारास मला समुद्र लागला. जिभेच्या मुळाशी आधी लाळ सुटते, मग जांभया येतात, कपाळ थंड होते आणि डिझेलचा जो वास आतापर्यंत लक्षातही आला नव्हता तो सगळ्या जगाला व्यापतो. मी नकाशा पाहायला खाली केबिनमध्ये गेलो होतो, तीच चूक झाली. खाली डोळ्यांना टेबल, भिंत, कागद हे सगळे स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोलाचा अवयव मात्र सांगत असतो की आपण वर-खाली, डावी-उजवीकडे जात आहोत. मेंदूपुढे दोन साक्षी उभ्या राहतात आणि दोन्ही परस्परविरुद्ध बोलतात. उपाय एवढाच की वर यायचे, क्षितिजावर नजर ठेवायची आणि शक्य असेल तर सुकाणू हातात घ्यायचे. ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनसारख्या सेनापतीलाही आयुष्यभर समुद्र लागत असे, हे मित्राचे सांत्वनाचे वाक्य मला आठवले, पण कठड्यावर ओणवे होऊन पोट रिकामे करताना त्याचा उपयोग झाला नाही. लाटेबरोबर नौका कलली की माझा हात आपोआप पुढे जाई, जे स्थिर असेल ते धरायला. तार, कठडा, समोरच्या मैत्रिणीचा खांदा. आणि अशाच एका कलण्यात, हात पुढे गेलेला असताना, मला धक्क्यावरचा तो हात पुन्हा दिसला. तो दोर सोडायला पुढे आला होता, असे मी गृहीत धरले होते. पण तो कडेशी वाकला होता. खाली पाणी हलत होते, नौका हलत होती, त्याची नजर हलत्या गोष्टींवर होती. त्याच्या कानाने त्या क्षणी जमीन कलवली असेल आणि त्याला फक्त धरायला काही हवे असेल, तर? मला चार-पाच तासांनी बरे वाटणार होते, आणि तसे ते वाटलेही. त्याचा समुद्र मात्र त्याच्या घरात होता, जिन्यावर होता, झोपताना कूस बदलण्यात होता, आणि त्याच्यासाठी कुठेही किनारा येणार नव्हता.

रात्री वारा वाढला. दुपारी तुरळक दिसणारे पांढरे तुरे आता अंधारातही सगळीकडे कळत होते, कारण फुटताना ते फुसफुसल्यासारखा आवाज करत. ब्रिटिश आरमारातले अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी 1805 साली वाऱ्याची जी श्रेणी आखली, तिच्यात मुळात वाऱ्याचा वेग नव्हताच. अमुक वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे पेलतात, एवढेच तिच्यात सांगितले होते. वारा किती आहे यापेक्षा आपल्याला किती पेलतो हे पाहायचे. आम्हाला संपूर्ण शीड पेलत नव्हते. दोघांनी मिळून ते आखूड केले, कमरेचे पट्टे नौकेच्या दोराला अडकवून, गुडघ्यांवर सरकत. शिडाच्या कडेला बोलाइन बांधायची होती आणि मला काही दिसत नव्हते. एक लाट चेहऱ्यावर आली, डोळे मिठाने मिटले आणि बोटांनी ती गाठ स्वतःच बांधली, खुर्चीच्या पायाला बांधायची तशी. ती बांधून झाल्यावर मी काही क्षण तिथेच तिच्यावर हात ठेवून बसलो होतो.

मध्यरात्रीपासून तीन वाजेपर्यंतचा पहारा माझा होता. त्या तीन तासांतली एकच घटना सांगतो. दीडच्या सुमारास उजवीकडे दोन पांढरे दिवे दिसले, एक खाली आणि एक वर, आणि त्यांच्याखाली एक लाल. मोठे जहाज होते आणि त्याची डावी बाजू आमच्याकडे होती. मी होकायंत्रावर त्याची दिशा पाहिली, तीन मिनिटांनी पुन्हा पाहिली, आणखी तीन मिनिटांनी पुन्हा. दिवे मोठे होत होते आणि दिशा बदलत नव्हती. दिशा न बदलता जवळ येणारी वस्तू शेवटी तुमच्याशीच येऊन भेटते. हे वाक्य त्याने किती निवांतपणे, पाटावर बसून, दोन काड्यापेट्या सरकवत समजावले होते. इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, असा 1972 चा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण एवढ्या उंचीवरून त्यांना आमचा छोटा दिवा दिसला आहे की नाही, हे गृहीत धरण्यात अर्थ नव्हता. मी खाली झोपलेल्या मित्राला उठवले आणि आम्ही वेळेत, मोठ्या कोनात वळलो. दिशा बदलू लागली. जहाज पुढून गेले, आधी त्याच्या इंजिनाची धडधड पाण्यातून पायांना जाणवली, मग त्याचा पाठीमागचा एकटा पांढरा दिवा दिसला. मित्र परत झोपायला गेला. मी थरथरत होतो आणि त्याच वेळी मनापासून आनंदात होतो; जे शिकलो होतो ते खरे निघाले होते, आणि ते माझ्या हातून झाले होते. नौकेच्या मागे पाणी ढवळले जाई तिथे सूक्ष्म जीवांचा निळसर प्रकाश पेटत आणि विझत होता.

तो दोर मी दुहेरी का लावला, याचे उत्तर मला त्या वेळी मिळाले. माणसे कमी होती हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तो धक्क्यावर येणार हे मला माहीत होते. एक टोक त्याच्या हातात द्यायला काहीच हरकत नव्हती. उलट ते अधिक सोपे झाले असते. पण मग आमचे निघणे त्याच्या सोडण्यावर अवलंबून राहिले असते. त्याने क्षणभर उशीर केला असता, दोर धरून आमच्याकडे नुसते पाहिले असते, तर मला ते सहन झाले नसते. म्हणून मी त्याच्या हाताला त्यातून वगळले, आदल्या संध्याकाळीच, तो तिथे नसताना, अगदी नीटनेटकेपणाने.

पहाटे जमीन आधी वासाने आली. ओल्या मातीचा आणि धुराचा वास, मग ढगांपेक्षा थोडी गडद अशी एक कड. सहा वाजता, पुरेसे उजाडल्यावर, आम्ही एका शांत आखातात शिरलो आणि 6 मीटर पाण्यात नांगर टाकला. साखळी खडखडत गेली, ताणली, नौका वळून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. अंतरमापकावर 71 सागरी मैल झाले होते. मैत्रीण तिथेच, भिजल्या कपड्यांनिशी, बसल्या जागी झोपली. मी काल घाईत पेटीत कोंबलेला दोर बाहेर काढला, कारण तसाच ठेवला असता तर तो कुजला असता. त्याच्या बरोबर मध्यावर, जिथे तो खुंट्याभोवती घासला होता, गंजाचा एक तांबूस पट्टा उमटला होता. उजवीकडे वळवत वेटोळे करताना तो पट्टा एकदा हातात आला आणि पुढे गेला.

सातच्या सुमारास फोन लागला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. त्याने आधी अंतर विचारले, मग वारा, मग शीड किती वाजता आखूड केले ते. मी जहाजाची हकिगत सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू आला. दोराचा विषय काढायचे मी रात्रभर ठरवले होते. शब्दही जुळवले होते. पण तो त्याच्या चांगल्या कानाने इतक्या एकाग्रतेने ऐकत होता की मध्येच आपले ओझे त्याच्यावर टाकावे असे मला वाटेना. मग तोच म्हणाला की आम्ही गेल्यावर तो त्याच खुंट्यावर बसला होता, कारण उभे राहवत नव्हते; आणि दुर्बिणीतून त्याने आमचे शीड चार वाजून पाच मिनिटांपर्यंत पाहिले. ‘‘बरोबर हिशेबाप्रमाणे,’’ तो म्हणाला. ‘‘आधी नौका गेली. मग नुसते शीड चालत होते पाण्यावर. शेवटी धूसर हवेत विरले.’’ त्याच्या आवाजात स्लोकम यांची गोष्ट सांगतानाचा आनंद होता.

थोडे थांबून तो म्हणाला, ‘‘आणि तू छतावर चढून हात केलास ना, ते पाहिले मी. दोन-तीनदा केलास. मीही केला, पण तुला दिसला नसणार.’’

डोलकाठीला मिठी मारून वर केलेला माझा हात मला आठवला, आणि तारेत अडकलेला तो दोर.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘वारा कुठून आहे आता?’’ त्याने विचारले. मी मान वर करून डोलकाठीच्या टोकावरच्या बाणाकडे पाहिले आणि त्याला सांगितले.